वाशिष्ठीचा गाळ काढण्याआधी तो मोजा

मा. जलसंपदामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले आणि त्यानंतर वाशिष्ठी नदीतला गाळ काढायला सुरुवात झाली. ते काम गरजेचेच होते. पण काठावर टाकलेला ढीग मोठ्या पावसात पुन्हा पात्रात येतो आणि पुढे दाभोळच्या खाडीत उतरतो. मी खाडीकाठचा, म्हणून लिहितो आहे.

आमच्या घरातली जुनी माणसे सांगत, चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्याला गलबते लागत. आता ओहोटीला साधी होडी न्यायची तरी उथळ जागा चुकवत जावे लागते.

खाडीला गाळ नकोच, असे नाही. गोडे पाणी खाऱ्याला मिळते तिथे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात नि तळाशी बसतात. त्यावरच कांदळवन उभे राहते, जुवे, म्हणजे खाडीतली बेटे, तयार होतात. बिघडले आहे ते प्रमाण. वर सह्याद्रीच्या उतारांवरची झाडे तुटली, महामार्गासाठी डोंगर कापले. धुपलेली माती शेवटी नदीतच येते.

त्यात कोयनेचे अवजल. वीज तयार झाल्यावर कृष्णा खोऱ्यातले हे पाणी १९६० च्या दशकापासून वाशिष्ठीत सोडले जाते. पश्चिमेकडे वळवण्यासाठी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे. एरवी उन्हाळ्यात आटणाऱ्या नदीतून आता बाराही महिने गोडे पाणी खाडीत येते. त्याने खाऱ्या पाण्याची हद्द समुद्राकडे ढकलली जाते आणि गाळ बसण्याची जागाही सरकते. विजेला माझा विरोध नाही. पण या सरकण्याचा हिशेब कुणी ठेवायचा?

खाली वाळूउपसा. हातपाटीने माणूस दिवसभरात काढून काढून किती काढणार! सक्शन पंप मात्र तळाला खोल खड्डा पाडतो, तो भरायला काठाची माती खचत येते, आणि तिच्याबरोबर माडही.

गाळ आपल्या खात्याकडे, वाळूचे लिलाव महसूलकडे, बंदर मेरीटाइम बोर्डाकडे, कांदळवन वनखात्याकडे. एकाने खोदले की परिणाम दुसऱ्याच्या हद्दीत दिसतो.

म्हणून मागणी अशी: कोळकेवाडी धरणापासून दाभोळच्या मुखापर्यंत जागा ठरवून, दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर तळाची खोली मोजावी व आकडे काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावेत. पावसाने जिथे वाळू परत आणून टाकली नसेल, तिथे लिलाव होऊ नये. काढलेला गाळ पूररेषेबाहेरच जावा. मोजणाऱ्यांच्या होडीत भोई समाजातली जाणती माणसे घ्या. कुठली वाळूपट्टी कुठल्या साली सरकली, हे त्यांना तोंडपाठ आहे.

पहिले मोजमाप येत्या मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी व्हावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
दाभोळ खाडीकाठचा एक रहिवासी