बाबांच्या रक्ततपासणीविषयी

कोथरूड, पुणे

तीर्थरूप आई व बाबा यांना सविनय नमस्कार.

आत्याच्या कर्करोगामागचा जनुकीय दोष बाबांमध्येही आहे का, हे पाहण्यासाठी त्यांचे रक्त तपासू या, असे मी रविवारी फोनवर सुचवले, तेव्हा बाबा म्हणाले, “हा बायकांचा आजार, माझे रक्त तपासून काय निघणार?” आणि आईने “खाण तशी माती, त्याला कोण काय करणार” असे म्हणून विषय मिटवला. तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

आत्याच्या बीजांडकोशाच्या कर्करोगानंतर डॉक्टरांनी तिची जनुकीय तपासणी करायला सांगितली, ती मुख्यतः पुढचे औषध ठरवण्यासाठी. तिच्या अहवालात बीआरसीए-2 या जनुकात जन्मजात दोष आढळला. हे जनुक आपणा सर्वांच्याच शरीरात असते. पेशीतला डीएनए तुटला की तो सांधण्यात त्याचा मोठा वाटा असतो. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. आत्याची एक प्रत जन्मापासूनच निकामी होती. अशा माणसाच्या एखाद्या पेशीत पुढे दुसरीही बिघडली, तर ती पेशी वाट चुकून कर्करोगाकडे वळण्याचा संभव वाढतो. आल्फ्रेड नुडसन यांनी 1971 मध्ये लहान मुलांच्या डोळ्यांतील कर्करोगाचा अभ्यास करताना या दोन आघातांची कल्पना मांडली होती. वारशाने येतो तो धोका, आणि रोग होण्यासाठी पुढे आणखी काही घडावे लागते, हे आईला मला मुद्दाम सांगायचे आहे, कारण तिच्या म्हणीत नेमके तेवढेच राहून जाते.

जनुकीय आजारांविषयी सल्ला देणाऱ्या समुपदेशक बाईंनी माझ्यासमोर आपल्या घराण्याच्या तीन पिढ्या कागदावर काढल्या. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी गोल आणि ज्याला आजार झाला त्याची आकृती काळी. आजीचा गोल काळा झाला, कारण तिच्या स्तनात गाठ निघाली तेव्हा तिने पन्नाशीही गाठली नव्हती. ती गाठ तिने कित्येक महिने पदराखाली लपवली होती, हे बाबांनीच मला सांगितले होते. मग आत्याचा गोल काळा झाला. शेजारी बाबांचा चौकोन कोराच राहिला, त्यावर पेन्सिलीचे टोक टेकवून त्या म्हणाल्या, “हा कोरा दिसतो, पण यांच्यात दोष नसेलच असे नाही.” भाऊ असो वा बहीण, आई-वडिलांपैकी एकात दोष असला, तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि हे जनुक लिंगाशी निगडित नसल्यामुळे बापाकडूनही ते तितकेच सहज पुढे जाते. पुरुषातही बीआरसीए-2 मधील दोषामुळे प्रोस्टेट, स्वादुपिंड आणि क्वचित स्तन यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे ही तपासणी सर्वांत आधी बाबांच्या स्वतःच्या कामाची आहे.

हिशेब असा आहे. बाबांमध्ये तो दोष नसेल, तर माझ्या आणि दादाच्या बाबतीत आत्याच्या दोषाचा प्रश्नच उरत नाही. आमचा धोका इतर चारचौघांइतका राहील. असेल, तर आम्ही दोघे वेगवेगळी तपासणी करून घेऊ. दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी 55 ते 69 जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होतो, हा आकडा वाचून मी रात्रभर जागी होते, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण हे आधी कळले, तर पंचविशीनंतर दरवर्षी स्तनांचा एमआरआय, तिशीनंतर मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे आणि योग्य वयात बीजांडकोश काढण्याची शस्त्रक्रिया असे मार्ग हाती असतात. आजीच्या हाती यातला एकही नव्हता.

आई, मामाच्या तोंडाच्या कर्करोगामुळे तू तुझ्या माहेरचीही काळजी करतेस. त्याच्या डब्यातली तंबाखू आणि चुना मी लहानपणापासून पाहिला आहे. त्याचे मूळ तिथेच आहे असे मला वाटते. सर्व कर्करोगांपैकी शंभरात साधारण 5 ते 10 च असे जन्मजात जनुकीय दोषाशी थेट जोडलेले असतात. त्याच्या मुलांनी तंबाखूपासून दूर राहावे, त्यांच्यासाठी तेच अधिक मोलाचे आहे.

बाबा, अहवालात दोष निघाला तर आपण मुलांना काही वाईट दिले असे मनात आणू नका. कोणती प्रत कोणाला जावी हे कोणीच ठरवत नाही, आणि आजीकडूनही तुम्ही ती मागून घेतलेली नसेल.

येत्या शनिवारी साताऱ्याहून सकाळच्या एसटीने या, मी स्वारगेटला न्यायला येईन. येताना आत्याच्या अहवालाची प्रत आणि ट्रंकेतली आजीची जुनी फाईल आठवणीने आणा. या तपासणीला उपाशीपोटी यावे लागत नाही, तेव्हा आई, बाबांना नेहमीप्रमाणे चहा-पोहे देऊनच निघा.

तुमची लेक