एकतीस शून्यं आणि एक धाव

महोदय,

रविवारच्या क्रीडा पुरवणीत बेसबॉलची ओळख करून देणारा लेख वाचला. जळगावात शाळेतल्या मुलामुलींना मी हा खेळ शिकवतो. मराठी वर्तमानपत्रात बेसबॉलला अर्धं पान मिळालं, याचं आम्हाला फार अप्रूप वाटलं. पण बेसबॉल म्हणजे होमरनची, म्हणजे चेंडू कुंपणापार धाडणाऱ्या फटक्यांची आतषबाजी, हे त्यातलं म्हणणं पटलं नाही. आणि अमेरिकेतल्या मेजर लीगच्या हंगामात प्रत्येक संघाच्या १६२ साखळी सामन्यांना फारसा अर्थ नसतो, हे तर मुळीच नाही.

२ जुलै १९६३ ची रात्र घ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर जायंट्स विरुद्ध मिलवॉकी ब्रेव्ह्ज. हंगाम ऐन मध्यावर, करंडक-बिरंडक काही नाही. जायंट्सचा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, डोमिनिकन रिपब्लिकचा हुआन मारिशाल, वय २५. चेंडू टाकताना डावा पाय डोक्याच्याही वर नेणारा. समोर ब्रेव्ह्जचा डावखुरा पिचर वॉरन स्पान, वय ४२, ज्याची उमेदीची तीन वर्षं दुसऱ्या महायुद्धात गेली होती. नेहमीच्या नऊ इनिंग (डाव) झाल्या, ०-०, म्हणून खेळ पुढे चालू. बारा झाल्या, ०-०. पंधरा झाल्या तरी ०-०, आणि दोन्ही पिचर अजून तेच! बॅट धरणारेही कोण? जायंट्सकडे विली मेज, मॅककव्ही, सेपेडा. ब्रेव्ह्जकडे हँक आरोन. सगळे नावाजलेले फलंदाज.

चौथ्या इनिंगमध्ये ब्रेव्ह्जची एक धाव झालीच होती. पण मैदानाच्या मागच्या मधल्या भागातून (सेंटर फील्ड) मेजची फेक थेट होम प्लेटवर, म्हणजे जिथे पोचलं की धाव पूर्ण होते तिथे आली आणि धावणारा बाद. हा खेळ असा फेकीवरही जिंकला जातो, हे मला मुलांना नेहमी सांगावं लागतं.

जायंट्सचे मॅनेजर आल्विन डार्क मारिशालला काढू पाहत होते. तो समोरचा ४२ वर्षांचा माणूस टाकतोय तोवर मी उतरणार नाही, असं आपण त्यांना सांगितल्याचं मारिशालने पुढे अनेकदा सांगितलं. अखेर सोळाव्या इनिंगमध्ये स्पानचा एक स्क्रूबॉल (नेहमीच्या उलट दिशेने वळणारा चेंडू) हवा तसा वळला नाही आणि मेजने तो कुंपणापार धाडला. १-०. मारिशालने २२७ चेंडू टाकले, स्पानने २०१. आज शंभरच्या आसपास गेलं की पिचरला बाहेर बसवतात. खांदे जपायला ते बरोबरच आहे, आमच्या पोरांनाही मी तेच नियम लावतो. त्या रात्रीचं मोल मात्र त्याने कमी होत नाही.

तक्त्यात त्या सामन्याने काही उलथापालथ केली नाही. जायंट्स त्या वर्षी तिसरे आले, ब्रेव्ह्ज सहावे.

मागच्या पावसाळ्यात मैदानात चिखल होता म्हणून वर्गातच हा धावफलक फळ्यावर लिहिला. नऊ रकान्यांच्या तक्त्यात तो मावेना, मग खडूने आणखी सात आखले. मुलांनी मोजलं: एकतीस शून्यं आणि शेवटी एक ‘१’. होमरन एकच, पण दोन्ही पिचरनी तो इतका वेळ अडवून धरला होता म्हणून वर्गाने टाळ्या वाजवल्या. असे मधल्या हंगामातले सामनेही पुरवणीत अधूनमधून यावेत, एवढी विनंती आहे.

आमची एक पिचर त्या दिवशी गप्पच होती. तास सुटल्यावर जवळ आली. “सर, मग स्पानचं काय झालं?”

त्या वर्षी त्याने २३ सामने जिंकले, असं तिला सांगितलं.

आपला,
एक शालेय बेसबॉल प्रशिक्षक, जळगाव