टॅन, काळा की तपकिरी: सुहासला पत्र

पुणे,
२८ नोव्हेंबर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझी कपड्यांची यादी मिळाली, आणि त्या टॅन (फिकट, पिवळसर तपकिरी) बुटांचा फोटोही. चामड्याच्या बुटांचा पहिला जोड कुठल्या रंगाचा घ्यावा, याचं तुला एका वाक्यात उत्तर हवं होतं, ते आधी देतो: पहिला जोड गडद तपकिरी घे. टॅन नंतर. काळा जोड तुझ्या सध्याच्या कपड्यांना लागणारच नाही. पण दुकानात गेलास की ‘तपकिरी’ या एका नावाखाली सहा-सात रंग समोर मांडतील, त्यामुळे कुठला तपकिरी आणि का, हे सविस्तर लिहितो.

तू यादीत शर्ट फार बारकाईने लिहिलेस. त्यांचा इथे फारसा संबंध नाही. बुटाला लागून असते ती पँटची मोहरी, आणि नजर अडते ती त्या सांध्यावर. म्हणून फक्त पँट्सचा विचार कर. तुझ्याकडे सात आहेत: दोन गडद निळ्या जीन्स, एक विटलेली फिकट जीन्स, एक खाकी चिनो, एक शेवाळी कार्गो, ऑफिसची एक गडद राखाडी आणि एक काळी. आता प्रत्येकीपुढे महिन्यातून साधारण किती दिवस घालतोस ते लिही. काळी पँट कपाटात असली तरी ती लग्नकार्याला आणि एखाद्या प्रेझेंटेशनलाच बाहेर निघते, असं तूच म्हणालास. तिच्यासाठी बुटांचा रंग ठरवायचा नाही. उलट गडद जीन्स आणि राखाडी पँट मिळून तुझे निम्म्याहून जास्त दिवस जातात, तेव्हा कौल त्यांचा.

गडद तपकिरी तुझ्या सातपैकी सहा पँट्सखाली चालतो. टॅन तिन्ही जीन्सखाली उत्तम, शेवाळीखाली बरा. खाकीखाली मात्र तो फसतो, कारण दोन्ही रंग जवळजवळ तितकेच उजळ असतात आणि पँट कुठे संपली, बूट कुठे सुरू झाला ते कळत नाही. गडद राखाडीखाली उलटी अडचण, सगळी नजर पायांकडे जाते आणि ऑफिसात ते नको असतं. काळा बूट राखाडी, काळी आणि गडद जीन्स यांच्याखाली नीट बसतो, शेवाळीखाली चालवून घेता येतो, पण खाकीखाली तो फार कडक दिसतो, गणवेशातल्यासारखा.

एक साधी कसोटी सांगतो, तिने अर्धा गोंधळ मिटतो. बूट आणि पँट शेजारी ठेवून फोनवर फोटो काढ आणि तो कृष्णधवल कर. रंग गेला की फक्त उजळपणा उरतो. दोन्ही करडे एकसारखे दिसले तर जोडी फसली, काळ्याखाली काळा तेवढा सोडून. बूट पँटपेक्षा स्पष्ट गडद हवा, हा सुरक्षित मार्ग. गडद निळ्या जीन्सखाली टॅन हा ठळक अपवाद, कारण तिथे बूट मुद्दाम उजळ ठेवलेला असतो आणि निळ्याशेजारी पिवळसर तपकिरी उठून दिसतो. पण उजळ बूट गडद पँटखाली पायाची सलग रेघ तिथेच तोडतो आणि उंची थोडी कमी भासते. तू उंच आहेस, तुला फरक पडणार नाही. तुझ्या भावाला हा सल्ला देताना मात्र हे सांग.

आता कुठला तपकिरी. प्रत्येक तपकिरीच्या पोटात दुसरा एक रंग असतो: लाल, पिवळा किंवा करडा. लालसर म्हणजे कथ्थईकडे झुकणारा तपकिरी निळ्या आणि राखाडीशेजारी फार छान दिसतो, पण शेवाळीशेजारी जरा भडक होतो. पिवळसर म्हणजे बदामी, मधाळ रंग खाकी आणि शेवाळीशेजारी रमतो, राखाडीशेजारी मळका वाटतो. करड्या पोटाचा तपकिरी कशाशीच भांडत नाही, पण त्यात जीव नसतो, आणि धूळ बसली की तो थेट मातीचाच दिसतो. तुझ्या यादीला कॉफीच्या बियांचा रंग हवा: गडद, आणि उजेडात धरल्यावर किंचित लाली दिसेल इतपतच लालसर. चॉकलेटी म्हणून जो जवळजवळ काळा रंग दाखवतात तो घेऊ नकोस. संध्याकाळी तो काळाच दिसतो आणि मग खाकीखाली काळ्याचीच अडचण येते.

मरून रंगाबद्दल तू विचारलं नाहीस, पण तो दुकानात दाखवतीलच. ऑक्सब्लड किंवा बरगंडी म्हणतील. गडद मरून हा काळ्या पँटखालीही शोभतो, राखाडीखाली तर सर्वांत देखणा. काळी पँट तू आठवड्याला घालत असतास, तर मी तपकिरीऐवजी हाच सुचवला असता.

कपड्यांइतकंच महत्त्व पुण्यातल्या रस्त्यांना आहे. खराडी, वाघोली, हिंजवडी, कुठेही बांधकाम चालू असतं आणि त्याची फिकट धूळ दिवसभर बुटांवर बसत राहते. ती काळ्यावर सर्वांत जास्त दिसते, टॅनवर सर्वांत कमी, मधल्या तपकिरीवर बेताची. चिखलाचं गणित मात्र उलटं. जून ते सप्टेंबर पाण्याचे डाग आणि मुरमाच्या चिखलाचे शिंतोडे टॅनवर कायमचे राहू शकतात. गडद रंगावर ते पुसले जातात. वर्षभराचा हिशेब केला तर गडद तपकिरी मधोमध येतो.

आणि तू मोटारसायकल चालवणार आहेस. गिअर डाव्या पायाने वर टाकताना लिव्हरचं रबर डाव्या बुटाच्या चवड्यावर, बोटांच्या मुळाशी घासतं. महिन्या-दोन महिन्यांत तिथे काळा पट्टा उमटतो. टॅन बुटावर तो लांबून दिसतो आणि क्रीमने झाकला जात नाही, कारण क्रीम फिकं आणि डाग काळा. गडद तपकिरीवर तोच पट्टा पॉलिशमध्ये मुरून जातो. चवड्यावर चढवायची रबराची किंवा चामड्याची पट्टी मिळते, ती टॅन जोडासाठी तरी जरूर घे. स्कूटरवाल्यांना ही चिंता नाही.

रंगाबरोबर चामड्याची जात बघायला विसरू नकोस, कारण काही चामड्यांचा रंग घेतला त्या दिवसापुरताच असतो. कोल्हापुरी चप्पल आठव. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं ते कातडं नवं असताना फिकं असतं आणि ऊन, घाम, तेल यांनी दर महिन्याला गडद होत जातं. वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याचे बूट असेच वागतात. तसे घेणार असशील तर तुला शेवटी हवा त्याहून एक छटा फिका रंग निवड. बाजारातले बहुतेक बूट मात्र क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचे असतात आणि त्यांचा रंग फार बदलत नाही. त्यातही दोन प्रकार. एकावर रंगाचा जाड थर असतो: पृष्ठभाग अगदी एकसारखा, एकही छिद्र दिसत नाही. त्यावर पाणी थांबतं, डाग कमी पडतात, पण ओरखडा गेला की खालचा वेगळा रंग उघडा पडतो आणि घडीच्या जागी थर तडकतो. दुसऱ्यात रंग आतपर्यंत मुरलेला असतो, बारीक छिद्रं आणि शिरा दिसतात, ओरखडा पडला तरी खाली तोच रंग निघतो. तुला हा दुसरा हवा.

ओळखायचं कसं? बुटात हात घालून चवडा आतून अंगठ्याने वर ढकल. ताणलेल्या जागी रंग फिका झाला आणि हात काढल्यावर पुन्हा भरला, तर ते तेल-मेण मुरवलेलं पुल-अप चामडं. ते मोटारसायकलसाठी झकास, कारण बारीक ओरखडे बोटाने चोळले तरी पुष्कळसे मिटतात. रंग बदललाच नाही तर लेसखाली झाकल्या जाणाऱ्या जिभेच्या वरच्या बाजूला, विचारून, पाण्याचा एक थेंब टाक. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर वर थर आहे; मुरून जागा गडद झाली तर चामडं उघडं आहे.

सुएड, म्हणजे मऊ लवेचं चामडं, पहिल्या जोडात नकोच. गडद जीन्सचा निळा रंग घोट्याजवळ घासून उतरतो. साध्या चामड्यावरून तो लगेच पुसला तर निघतो, सुएडमध्ये शिरला की निघणं कठीण. टॅन बुटावरही हा निळा डाग दिसतो. नवी जीन्स दोन-तीन वेळा वेगळी, उलटी करून धुतल्याशिवाय फिकट बुटांवर घालू नकोस.

दुकानाच्या वेळेबद्दल. पाय दिवसभरात थोडे फुगतात म्हणून माप संध्याकाळी बघावं, आणि रंग मात्र दिवसाच्या उजेडात. दोन्ही साधायचं तर चार ते पाचमध्ये जायचं. लक्ष्मी रोडवरची काही दुकानं दुपारी बंद असतात, ती तोवर उघडलेली असतात. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा उशीर नको. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली टॅन लालसर दिसतो आणि कॉफी काळा. बूट घेऊन दाराशी ये, थेट उन्हात नको, सावलीत बघ. अंगात गडद जीन्स घाल आणि पिशवीत राखाडी व खाकी पँट आण. या तिघींखाली जो बसला तो काळी सोडून बाकीच्यांखाली बसतोच. बूट हातात धरून रंग ठरवू नकोस. पायात घालून, आरशापासून सहा-सात फुटांवर उभं राहून ठरव.

सोलकडेही बघ. वरचा रंग बरोबर असून खाली पांढरा किंवा फिकट क्रेपचा (खडबडीत रबराचा) सोल असला, तर ऑफिसच्या राखाडी पँटखाली तो बूट जाणार नाही. गडद तपकिरी किंवा काळा सोल घे. शिवणीचा दोरा पांढरा असेल तर पॉलिशने तो काही महिन्यांत पिवळट-तपकिरी होतो. ज्यांना तो पांढराच हवा असतो ते मग वैतागतात. चामड्याच्याच रंगाचा दोरा बरा. लेसचा रंग सोडून दे, त्या बदलता येतात. कमरेचा पट्टा बुटांच्याच घराण्यातला हवा, तंतोतंत तोच रंग शोधत बसू नकोस. कॉफी बुटावर थोडा फिका तपकिरी पट्टा छान दिसतो, काळा मात्र नाही.

नेमका रंग मिळालाच नाही तर? तर फिक्याकडे झुक. आतपर्यंत मुरलेल्या रंगाचे फिके बूट नंतर चांगला कारागीर गडद करून देऊ शकतो. गडदाचे फिके करता येत नाहीत. वर थर असलेल्या चामड्यावर हेही नीट होत नाही, कारण नवा रंग आत शिरतच नाही आणि पुढे घडीवर सुटतो.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात रंग बिघडवणारी गोष्ट म्हणजे पॉलिश. क्रीम बुटाच्याच छटेचं किंवा एक छटा फिकं घे. गडद घेतलंस तर ते शिवणीत आणि छिद्रांत बसतं आणि दोन-तीन वेळांत बूट डागाळलेला दिसतो. एका बुटाला वाटाण्याएवढं क्रीम पुरे. सुती फडक्याने गोल फिरवत लाव, दहा-पंधरा मिनिटं ठेव, मग घोड्याच्या केसांच्या ब्रशने झटक. आठ-दहा वेळा घातल्यावर एकदा, एवढंच. रोज फक्त कोरड्या ब्रशने धूळ काढायची. धूळ न काढता क्रीम लावलंस तर तीच धूळ चामड्यात घोटली जाते. पाऊस अडवायला मेणाचं मलम लावणार असशील तर आधी जिभेच्या लेसखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर लावून एक रात्र थांब. मेण आणि तेल चामडं गडद करतात, टॅन तर एकदा लावल्यावरच तपकिरी होतो. तुझा निवडलेला रंग त्या डबीत हरवायला नको.

भिजले तर इनसोल आणि लेस काढ, आत वर्तमानपत्राचे बोळे भर, तासा-दोन तासांनी ते बदल, आणि पंख्याखाली एक-दोन दिवस वाळू दे. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलेस तर चामडं कडक होऊन तडकतं. पावसाळ्यात बंद कपाटात बुरशी येते. ती उघड्यावर नेऊन झटक, पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन ओलसर फडक्याने पूस, सावलीत वाळव, मग क्रीम. प्लॅस्टिकच्या पिशवीत बूट कधीही ठेवू नकोस.

तो फोटोतला टॅन जोड खरंच सुंदर आहे, आणि तुझ्या जीन्सवर तो शोभेल याबद्दल मला शंका नाही. तो दुसरा म्हणून, पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात घे. म्हणजे पुढचे सात-आठ महिने त्याला कोरडे मिळतील, आणि तोवर तेल-मेण मुरून त्याचा रंग स्थिरावेल.

शनिवारी साडेतीनला माझ्याकडे ये, चारला निघू. ऑफिसला घालतोस तसलेच मोजे आण, जाड मोज्यांवर माप चुकतं. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अभय

ता. क. काळ्या पँटसाठी वेगळे बूट घेऊ नकोस. तुझ्याकडचे लेसवाले काळे फॉर्मल शूज त्या चार दिवसांना पुरेसे आहेत, फक्त त्यांची झिजलेली टाच आधी बदलून घे.