खापरांची पोती टाकून देऊ नका

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार. उत्खननांत निघालेल्या खापरांची पोती गोदामांतून टाकून दिली जाऊ नयेत, म्हणून हे पत्र.

रोममध्ये टायबर नदीजवळ मोन्ते तेस्ताच्चो नावाची टेकडी आहे. उंची सुमारे ३५ मीटर, आणि सगळी खापरांची! दक्षिण स्पेनहून ऑलिव्हचं तेल अँफोरांतून, म्हणजे दोन कानांच्या कुंभांतून, रोमला यायचं. एका कुंभात साधारण ७० किलो. तेल मुरलेला कुंभ पुन्हा कामाचा राहत नसे. तो फोडून रचायचे आणि वास मारायला वर चुना टाकायचे.

एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासक हाइनरिक ड्रेसेल यांनी या खापरांवरची शाईची अक्षरं वाचली. वजन, साल, व्यापाऱ्याचं नाव. इ.स. २०० च्या सुमारास मात्र व्यापाऱ्याच्या जागी सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आणि त्याच्या मुलांची नावं येऊ लागतात. सेव्हेरसने १९७ मध्ये गादीचा प्रतिस्पर्धी क्लोडियस अल्बिनस याचा पराभव केला होता आणि अल्बिनसच्या बाजूच्या स्पेनमधल्या बड्या लोकांची मालमत्ता जप्त केली होती. दरबारी इतिहासकार काहीही लिहोत, तेलाचा धनी बदलला हे गोदीतल्या कारकुनाने कुंभावर लिहून ठेवलंय.

आता आपल्याकडचं. नेवाशाच्या उत्खननात (१९५४-५६) अँफोरांचे तुकडे निघाले. पश्चिम भारतात इतरत्रही निघाले, आणि बरेचसे सरसकट 'रोमन' म्हणून नोंदले गेले. पुढे प्राचीन भांड्यांच्या अभ्यासक रोबर्टा टॉम्बर यांनी ते पुन्हा हातात घेतले, तेव्हा त्यातले कितीतरी मेसोपोटेमियातल्या 'टॉर्पेडो' रांजणांचे ठरले. या रांजणाला कान नसतात, आणि आतून डांबराचा काळा लेप असतो. म्हणजे माल भूमध्य समुद्राकडून नव्हे, इराणच्या आखातातून आलेला. पोती जपलेली होती म्हणून ही चूक सापडली.

एका गोदामात मी असं पोतं उघडलं होतं. वाळवीने चिठ्ठी खाल्लेली, गावाचं नाव गेलेलं. आत तळहाताएवढं खापर, आतून काळंभोर. कुठलं, कुठल्या थरातलं? सांगायला कोणी नाही. पुतळ्यांना निधी मिळतो, खापरांना पोतंसुद्धा धड मिळत नाही, हे जरा कडवट वाटेल, पण आहे तसं लिहितोय.

मागणं मोठं नाही. गोदामं हलवण्याआधी प्रत्येक पोत्याची यादी करा, चिठ्ठ्या नव्याने लिहा, आणि खापरांची माती तपासायला एक सूक्ष्मदर्शक व दोन शिकलेली माणसं कायमची नेमा. तोवर 'जागा अडते' म्हणून एकही पोतं निकाली काढू नये, असा लेखी आदेश या पावसाळ्याआधी निघावा.

आपला,
खापरं धुण्यात उमेदीची वर्षं घालवलेला एक पुरातत्त्व अभ्यासक