केशरोपणाची तारीख घेण्याआधी

प्रिय संदीप,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नुसतं केस गळतायत एवढंच लिहिलं असतंस, तर चार ओळींत उत्तर दिलं असतं. पण आगाऊ रक्कम भरून केशरोपणाची तारीख घ्यायचं तुझ्या मनात आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. कृपा करून ती तारीख इतक्यात घेऊ नकोस.

आधी गळती कोणत्या प्रकारची आहे ते ठरू दे. मध्यंतरी तू तापाने बरेच दिवस अंथरुणावर होतास. मोठा ताप, शस्त्रक्रिया, एकदम घटवलेलं वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभस गळतात. वाढीच्या अवस्थेतले पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि मग सगळे एकदम सुटतात. हे केस काही महिन्यांत आपोआप परत येतात. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केसांची रेषा मागे सरकणं आणि टाळूवर विरळपणा येणं हा मात्र वेगळा, आनुवंशिक प्रकार. तुझ्या वर्णनात दोन्हींच्या खुणा दिसतात, आणि दोन्ही एकत्र असूही शकतात.

एक करून बघ. केस धुताना गळलेले केस पांढऱ्या कागदावर पसरून उजेडात नीट पाहा. प्रत्येकाच्या एका टोकाला बारीक पांढरट गाठ दिसेल. तिला घाबरू नकोस. मूळ उपटून आलेलं नसतं, विश्रांती संपलेल्या केसाचं टोक तसंच असतं. दिवसाला पन्नास-शंभर केस सगळ्यांचेच गळतात. तू दुसरं टोक बघ आणि जाडी बघ. कात्री लागलेल्या केसाचं टोक बोथट असतं. गळलेल्या केसांत आखूड, लवेसारखे बारीक, टोकाला निमुळते होत गेलेले केस बरेच दिसले, तर आनुवंशिक प्रकाराचा संशय बळावतो. त्वचारोगतज्ज्ञ हेच भिंगाखाली, डोक्यावर पाहतात. शिवाय थायरॉइड आणि शरीरातला लोहाचा साठा तपासायचा का, हेही तेच ठरवतील. तू बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतोयस, ते रक्त देण्याआधी सांग; त्यांच्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

आनुवंशिक टक्कल पडण्यामागचं कारण समजलं की उपचारांचं निम्मं कोडं सुटतं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. काही जणांच्या पुढच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळं त्याला जन्मतःच जास्त संवेदनशील असतात. डीएचटीमुळे केसाचा वाढीचा काळ, जो एरवी काही वर्षांचा असतो, दर फेरीला आखडत जातो आणि केस अधिकाधिक बारीक होत जातो. हॅमिल्टन या शास्त्रज्ञाने १९४२ मध्येच दाखवलं होतं की, वयात येण्याआधी वृषणं काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. म्हणजे दोष ना शाम्पूचा, ना टोपीचा, ना पाण्याचा. तेलाने केस मऊ होतील, पण आखडलेलं मूळ पुन्हा जोमदार होणार नाही. आणि ‘मामावर गेलास’ म्हणतात त्यात तथ्य आहे, कारण एक महत्त्वाचा जनुक आईकडून येतो. पण वडिलांकडचे जनुकही तितकेच कामाचे असतात.

आता औषधं. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, हातांवर केस वाढू लागले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत डोक्याला लावायच्या औषधाला मान्यता मिळाली. ते केसांना नाही, त्वचेला लागलं पाहिजे. पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढते, कारण विश्रांतीतले जुने केस ढकलले जातात. बहुतेक जण नेमके इथेच घाबरून बाटली टाकून देतात. तू टिकून राहा. चार महिन्यांच्या आत काही ठरवू नकोस, खरा हिशोब वर्षाने कर. बंद केलं तर मिळवलेलं काही महिन्यांत जातं, हेही आधीच माहीत असू दे. मी स्वतः काही वर्षं लावतोय. रेषा आहे तिथेच टिकली आहे आणि मला ते पुरेसं वाटतं. तुमच्या घरी मांजर आहे ना? हे औषध मांजरांना जीवघेणं ठरू शकतं. बाटली, हात, उशीचा अभ्रा, सगळं तिच्यापासून जप.

दुसरं औषध फिनॅस्टेराइड. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत डीएचटी बनवणारं विकर जन्मतः कमी असलेले पुरुष आढळले. त्यांना टक्कल पडत नव्हतं आणि प्रोस्टेटही लहान राहायचं. ही नोंद १९७४ ची. त्यातून ही गोळी आली, १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये एक मिलिग्रॅमची केसांसाठी. माझ्या मते केस राखणारं हेच सर्वांत भरवशाचं औषध आहे, पण ते तुझं तू दुकानातून आणून सुरू करू नकोस. काहींची कामेच्छा कमी होते. चाचण्यांत हे प्रमाण थोडंच होतं, पण गोळी बंद केल्यावरही त्रास राहिल्याचं सांगणारे पुरुष आहेत. मन खचल्याच्या तक्रारीही आहेत, आणि आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये मान्य केलं. परीक्षेच्या वर्षी तू किती खचला होतास ते मला आठवतं, म्हणून ते डॉक्टरांना सांगच. तुम्ही दोघं बाळाचा विचार करताय, तेही सांग. गरोदरपणात वहिनींनी फुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही.

मग केशरोपण नकोच का? तसं नाही. डोक्याच्या मागच्या भागातले केस डीएचटीला दाद देत नाहीत, आणि रोप दुसऱ्या वाफ्यात लावलं तरी त्याची जात बदलत नाही, तसे ते पुढे लावले तरी आपला गुण सोडत नाहीत. पण मागचा साठा मर्यादित असतो आणि शस्त्रक्रियेने मूळची गळती थांबत नाही. आज, अठ्ठाविसाव्या वर्षी, कोपरे भरून घेतलेस आणि त्यांच्या मागचे टाळूपर्यंतचे मूळचे केस गळत राहिले, तर पुढे एक पट्टा आणि मध्ये मोकळी जागा उरेल, आणि ती भरायला मागे केस शिल्लक नसतील. म्हणून आधी वर्षभर गळती आटोक्यात आण, मग बघू. तारीख द्यायला उतावीळ असलेल्यांना एवढंच विचार: केस काढणं आणि छेद देणं डॉक्टर स्वतः करणार की मदतनीस? आणि आणखी दहा वर्षांनी माझी रेषा कुठे असेल असं धरून आखणी केली आहे?

लग्नाच्या फोटोत तू मुद्दाम मागच्या रांगेत उभा राहिलास, हे वाचून फार वाईट वाटलं. उपचार घ्यायचे नाहीत असं ठरवलंस तरी ते अगदी योग्य असेल. फक्त ते घाबरून ठरवू नकोस.

या आठवड्यात डोक्याचे फोटो काढून ठेव. केस कोरडे, उजेड तोच, अंतर तेच. समोरून, दोन्ही बाजूंनी, टाळूवरून. दर तीन महिन्यांनी तसेच काढ, रोज आरशात बघून काही कळत नाही. डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस ठरला की कळव, मी बरोबर येतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय