संसदेत गोव्याच्या शेतीची बाजू

महोदय,

लोकसभेचे अधिवेशन संपले की आपल्या खासदारांची उपस्थिती किती टक्के आणि त्यांनी प्रश्न किती विचारले, याचा तक्ता छापून येतो. पण शेती, अन्नपुरवठा किंवा प्रादेशिक विकासावरील चर्चेत ते नेमके काय बोलले, हे क्वचितच वाचायला मिळते. गोव्याचे लोकसभेत 2 आणि राज्यसभेत 1 एवढेच सदस्य. त्यातही मंत्रिपदी असलेला सदस्य प्रश्न विचारत नाही, त्यामुळे उरलेल्यांच्या प्रत्येक भाषणाला वजन येते.

खाजण शेतीचेच, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीला बांध घालून केलेल्या शेतीचेच घ्या. भरतीच्या रेट्याने मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानशीची (बांधातील पाण्याच्या वाटेची) दारे कुजली किंवा बांध फुटला, की खारे पाणी शेतात शिरते आणि खाऱ्या मातीत तग धरणारे कोरगुट भातही हाती लागत नाही. देशभरासाठी एकाच मापाने आखलेल्या योजनांत या बांधांची डागडुजी कुठे बसवायची, हे दिल्लीत आपल्याच माणसाने सांगायला हवे. धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना बंद पडल्यापासून ऊस उत्पादकांपुढे उभा राहिलेला प्रश्नही तसाच. (म्हादई नदीच्या पाणीवाटपावर मात्र सगळेच बोलतात, आणि बोलायलाच हवे.)

सभागृहातील भाषणांचे शब्दशः वृत्तान्त संसदेच्या संकेतस्थळावर सर्वांना खुले असतात. त्यांतील गोव्याच्या शेतीविषयीचा भाग आपल्या दैनिकाने प्रत्येक अधिवेशनानंतर मराठीतून छापावा, तसेच ज्या मागण्यांवर मंत्र्यांनी लेखी उत्तर दिले त्यांचे पुढे काय झाले, तेही खासदारांना विचारावे, ही विनंती.

– एक वाचक, डिचोली