पाच लाखांच्या विम्यात ॲम्ब्युलन्स कुठे बसते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांवर नेले आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट काढली. तेव्हापासून अनेकांचा समज झाला आहे की, तालुक्याहून शहरात पेशंट हलवण्याचे भाडेही त्यातच निघते. ते निघत नाही.

योजनेच्या पॅकेजमध्ये, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या रकमेत, प्रवासखर्च आहे, पण एकाच बाजूचा. डिस्चार्जनंतर घरी परतण्यासाठी एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे, तेही एकदाच. रुग्ण दगावला तर पार्थिव गावी पोहोचवण्याचा खर्चही पॅकेजमध्येच धरलेला आहे. हे मात्र नातेवाइकांना क्वचितच कोणी सांगते. कारण उघड आहे: रुग्णालयाला उपचाराची ठरलेली रक्कम एकगठ्ठा मिळते आणि भाडे त्यातूनच द्यायचे असते. न दिलेले भाडे म्हणजे रुग्णालयाची बचत. म्हणून डिस्चार्जच्या वेळी पुढे केलेला प्रत्येक कागद वाचावा आणि प्रवासखर्च हातात पडल्याशिवाय तो मिळाल्याची सही करू नये. आरोग्यमित्र (रुग्णालयातला योजनेचा प्रतिनिधी) दाद देत नसेल तर योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर तक्रार करून तिचा क्रमांक लिहून घ्यावा.

जातानाचा खर्च टाळायचा तर विमा नव्हे, १०८ (तातडीची मोफत सरकारी ॲम्ब्युलन्स) आणि १०२ (माता-बालकांसाठीची) कामाला येतात. गरोदर माता आणि आजारी अर्भकांसाठी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरातून रुग्णालय, तिथून मोठे रुग्णालय आणि परत घर, असा सगळा प्रवास मोफत आहे. इतरांसाठी १०८. मात्र एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवायचे असेल तर फोन नातेवाइकांनी नव्हे, पाठवणाऱ्या डॉक्टरांनी करावा. निदान, ऑक्सिजन किती लागतो, व्हेंटिलेटर हवा का, हे त्यांनाच नेमके सांगता येते. व्हेंटिलेटरवरचा पेशंट असेल तर ‘एएलएस’ (ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट) गाडीच मागावी. ‘बीएलएस’मध्ये (बेसिक लाइफ सपोर्ट) व्हेंटिलेटर नसतो. आणि पलीकडे बेड पक्का झाल्याशिवाय निघू नये, नाहीतर पेशंट कॅज्युअल्टीच्या दारात स्ट्रेचरवर ताटकळतो.

१०८ दुसऱ्या कॉलवर असली की खासगी गाडी घ्यावीच लागते. तिच्या चालकाला योजनेचे आयुष्मान कार्ड दाखवून काही उपयोग नाही, त्याचा योजनेशी करारच नसतो. भाड्यात परतीचे किलोमीटर धरले आहेत का, ऑक्सिजन आणि थांबण्याचे पैसे वेगळे आहेत का, हे गाडीत चढण्यापूर्वी विचारावे. गाडीचा नंबर आणि किलोमीटर लिहिलेली पावती मागावी.

शासनाकडे मागणी एकच. तातडीच्या उपचाराला मंजुरी मिळाली की पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि गाडीची पावती जोडून जातानाचे भाडे वेगळ्या शीर्षाखाली मिळावे, आणि ते रुग्णालयाच्या पॅकेजमधून न कापता थेट कुटुंबाच्या खात्यात जमा व्हावे. अनेक रुग्णालयांच्या स्वतःच्याच गाड्या असल्याने खोटी बिले निघणार, हे गृहीत धरूनच नियम करावा: परिवहन प्राधिकरणाच्या दरापेक्षा जास्त रक्कम नाही आणि गाडीच्या जीपीएस नोंदीशिवाय मंजुरी नाही.

आपला,
एक वाचक, लातूर